रात्रपाळीच्या नोंदी नीट लिहायला मुलींना कसं शिकवू?

विट्याची सिस्टर

नमस्कार. विट्याजवळच्या एका ४० खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्ये मी इनचार्ज सिस्टर आहे. आमच्या मेट्रनबाई निवृत्त झाल्यापासून ड्युट्या लावण्याबरोबरच मुलींना शिकवायचं कामही माझ्याकडे आलंय. त्यात एका जागी मी अडलेय, म्हणून इथे विचारते.

आमच्या मुली काम चांगलं करतात, पण कागदावर ते काम दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचा एक तरुण पेशंट होता. ताप उतरला होता, प्लेटलेट खाली येत होत्या, सलाईन चालू होतं. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच डेंग्यूत धोक्याचे असतात, म्हणून सकाळी राउंडला डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं तर रात्रभरात लघवी किती झाली. इनटेक-आउटपुटच्या तक्त्यात तीन ठिकाणी नुसतं 'युरिन पास्ड'. किती ते नाही, वेळही नाही. रात्रीची मुलगी एसटीने घरी निघालेली, फोन लागेना. तिने दर वेळी मोजली होती, सकाळच्या मुलीला तोंडी सांगितलंही होतं, पण त्या मुलीच्या लक्षात फक्त शेवटचा आकडा राहिला. शेवटी सलाईन किती वेगाने द्यायचं ते डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागलं. पेशंट बरा होऊन घरी गेला, पण त्या सकाळपासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

टीपीआरचा, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा, तक्ता बघितला तर सगळ्या खाटांची नाडी ८०, श्वास १८. मला माहीत आहे की पहाटे पाचला बसून रात्रीच्या सगळ्या वेळा एकदम भरल्या जातात. नर्सेस नोट्समध्ये 'पेशंट कम्फर्टेबल, नो फ्रेश कम्प्लेंट्स, स्लेप्ट वेल' हे वाक्य रोज, प्रत्येक पेशंटला.

फिजिशियन सरांनी दोनदा लेक्चर घेतलं, स्लाइड दाखवल्या. मुलींनी मन लावून ऐकलं, आठवडाभर कागद छान आले, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रात्री ४० खाटांना दोघीच असतात, त्यात एखादं नवीन ॲडमिशन आलं की काय होतं ते मी स्वतः अनुभवलंय. म्हणून मला त्यांना रागवायचं नाहीये, शिकवायचंय. तुमच्याकडे खरोखर उपयोग झाला असं काय केलंत?

फाइलवाला, पुणे

सिस्टर, मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. डिस्चार्जनंतरची प्रत्येक फाइल आमच्या टेबलावरून जाते, त्यामुळे कुठे काय राहतं ते रोज दिसतं. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली म्हणजे मुलींना शिकवण्याआधी फाइल हलकी करा. एक कोरी फाइल घेऊन बसा आणि एकच बीपी किती ठिकाणी लिहावं लागतं ते मोजा. टीपीआरचा तक्ता, नर्सेस नोट्स, ओव्हरचं (पाळी बदलताना पेशंट पुढच्या मुलीकडे सोपवायचं) रजिस्टर, शिवाय आयसीयूत वेगळा चार्ट, आणि एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची, तयारी सुरू झाली की कोणीतरी आणखी एक फॉर्म छापून आणतं. तीच माहिती चार ठिकाणी लिहायची तर मुलगी एका ठिकाणी खरी लिहील आणि उरलेल्या तीन ठिकाणी उतरवून काढेल. उतरवताना वेळा चुकतात. मग मेडिक्लेमचे दावे तपासणाऱ्या टीपीए कंपनीकडून क्वेरी येते की ॲडमिशनच्या कागदावर पेशंट दुपारी ४ ला आला आणि पहिलं इंजेक्शन ३.३० ला कसं? त्याचं उत्तर द्यायला डॉक्टरांचे दोन दिवस जातात आणि नातेवाईक बिलासाठी काउंटरवर ताटकळत बसतात.

दुसरी म्हणजे राहिलेल्या गोष्टीची चिठ्ठी जिने लिहायचं राहिलं तिच्या हातात त्याच दिवशी पडली पाहिजे. आमच्याकडे फाइल येते पेशंट घरी गेल्यावर. तेव्हा कोणाला काय आठवणार? आणि आठवून भरलेला आकडा काय कामाचा? सही राहिली असेल तर आजची तारीख घालून घेता येते. मंगळवारी रात्री २ वाजताची नाडी शुक्रवारी घेता येत नाही.

तेवढं एक सह्यांचं नमुना रजिस्टरही करा. नाव, पद, पूर्ण सही, छोटी सही. मुली नोकरी सोडून जातात आणि दोन वर्षांनी ती वेटोळी कोणाची हे सांगणारं कोणी उरत नाही.

सोलापूरची ट्यूटर

विट्याच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्ही मुलींना नावं ठेवली नाहीत. मी सरकारी रुग्णालयात आधी प्रसूतिकक्षात आणि नंतर नर्सिंग स्कूलला ट्यूटर म्हणून होते, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहिते.

लेक्चरचा उपयोग होत नाही याचं कारण असं की काय लिहायचं हे मुलीला माहीतच असतं. परीक्षेला तिने ते लिहिलेलं असतं. तिला दिसत नाही ते हे, की आपलं लिहिलेलं कोणी वाचतंय. डॉक्टर राउंडला येतात, फाइल उघडतात, स्वतःची कालची ऑर्डर बघतात, नवीन लिहितात आणि तोंडाने विचारतात, "सिस्टर, रात्री कसा होता?" नर्सेस नोट्सचं पान कोणी उलटत नाही. जो कागद फक्त तक्रार झाल्यावर उघडला जातो, तो भरण्यात कोणाचा जीव लागेल? म्हणून मी शिकवायची सुरुवात वाचण्यापासून करायचे.

माझी पद्धत सांगते. ओव्हर टेबलापाशी नाही, खाटेपाशी द्यायची. येणाऱ्या मुलीने कागद हातात घ्यायचा आणि रात्री या पेशंटचं काय झालं ते कागद वाचून सांगायचं. जाणाऱ्या मुलीने गप्प उभं राहायचं. येणारीला जे कागदावर सापडलं नाही ते तिने विचारायचं आणि जाणारीने उत्तर तोंडी न देता तिथल्या तिथे लिहायचं, आताची वेळ घालून, 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट म्हणून. सगळ्या ४० खाटांना हे करू नका, जमणार नाही. जे चार-पाच पेशंट जड आहेत तेवढ्यांनाच. तुमच्या डेंग्यूच्या मुलाच्या खाटेपाशी असं झालं असतं तर लघवीचे तिन्ही आकडे सात वाजताच कागदावर आले असते. आणि यात कोणी कोणाला शिकवत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आज जी विचारते तिच्यावर उद्या उत्तर द्यायची पाळी येते. आपलं लिहिलेलं मैत्रिणीला कळलं नाही हे एकदा डोळ्यांनी दिसलं की मुलगी आपोआप बदलते.

प्रसूतिकक्षातलं उदाहरण देते, कारण तिथे कागदाची किंमत लगेच कळते. झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. आधी शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम, एकदा या बाजूला, एकदा त्या. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, आणि गेल्या ४ तासांत लघवी तासाला किमान ३० एमएलच्या हिशेबाने झाली आहे का. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते अंगात साठतं, आधी हातोडीने पाय उडणं थांबतं आणि मग श्वास मंदावतो. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम, भरून खाटेशेजारी ठेवायचा असतो.

आता समजा डोस रात्री १० ला, २ ला आणि सकाळी ६ ला आहे आणि मधे मुलगी बदलली. २ वाजता लघवी किती होती आणि इंजेक्शन कोणत्या बाजूला दिलं हे लिहिलेलं नसेल, तर ६ च्या मुलीने काय करायचं? दिलं तरी भीती, नाही दिलं तर पुन्हा झटका यायची भीती. मी विद्यार्थिनींना हाच कागद द्यायचे, मुद्दाम २ वाजताची ओळ कोरी ठेवून, आणि विचारायचे, "आता सहा वाजलेत, तू इंजेक्शन देशील का?" वर्गात एकदम शांतता व्हायची. त्यानंतर नोंदी का ठेवायच्या यावर मला एक शब्दही बोलावा लागायचा नाही. तुमच्याकडे प्रसूती नसतील तर इन्सुलिनचा तक्ता घ्या, तुमच्याच फाइलमधला, नाव झाकून.

दुसरं श्वासाचं. श्वास मोजलाच जात नाही, सगळीकडे १८ किंवा २० लिहितात. यासाठी मी दोघींची जोडी करायचे. पेशंटचा हात नाडीसाठी धरून ठेवायचा, म्हणजे आपला श्वास मोजतायत हे त्याला कळत नाही, आणि पूर्ण एक मिनिट छाती बघायची. दोघींनी वेगवेगळा आकडा लिहून मग ताडून बघायचा. ज्याच्या कागदावर १८ आहेत त्याचे २६ निघाले की मुलींचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग त्यांना सांगा की ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये जी धोक्याची गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये सुधारली, तिच्यात श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ ला २ आणि २५ किंवा जास्त असेल तर एकदम ३ गुण. म्हणजे आपण सवयीने लिहितो तो १८ हा आकडा 'सगळं ठीक आहे' असं सांगतो, आणि पेशंट खालावतोय हे लपून राहतं.

आता नोट्सचं. 'कम्फर्टेबल' लिहू नका असं नुसतं सांगून भागत नाही, त्याऐवजी काय लिहायचं ते दाखवावं लागतं. मी चार प्रश्न द्यायचे. काय दिसलं, मी काय केलं, कोणाला कळवलं, नंतर काय झालं. हे बघा:

"रात्री २.१०. पोटात दुखतंय म्हणते. पाय पोटाशी घेऊन डाव्या कुशीवर पडली आहे. नाडी ११२, बीपी ९६/६०. २.१५ ला आरएमओंना फोन केला. २.३० ला त्यांनी येऊन तपासलं, आरएल ५०० एमएल सुरू केलं. ३.०० ला नाडी ९८, दुखणं कमी आहे म्हणते."

पाच-सहा ओळी. लिहायला दोन मिनिटं लागतात. आरएमओ म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, आरएल म्हणजे सलाईनचा एक प्रकार. हे वाचून सर्जनला रात्र डोळ्यांसमोर उभी राहते. ज्या पेशंटचं काहीच झालं नाही त्याला एक ओळ पुरते, उगाच पान भरायला लावू नका.

आणि आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. कोरा रकाना दिसला की मुलीला रागवू नका. इनचार्ज कोऱ्या रकान्यावर ओरडली की दुसऱ्या दिवसापासून सगळे रकाने भरलेले येतात आणि सगळ्यांत ८० असतात. मुलींना उघड सांगा की मोजलं नसेल तर रकाना कोरा ठेवा आणि बाजूला कारण लिहा, '१२ नंबरला नवीन ॲडमिशन, २ ची नाडी घेता आली नाही'. खोट्या ८० पेक्षा ही ओळ पेशंटच्या कितीतरी जास्त कामाची आहे. महिनाभर असे कोरे रकाने गोळा करा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. रात्री तिसरी मुलगी का हवी हे तुम्हाला तोंडाने पटवून द्यावं लागणार नाही.

वॉर्डराउंड, नाशिक

मी एमडी मेडिसिन, माझं छोटं हॉस्पिटल आहे. सोलापूरच्या सिस्टरांनी लिहिलेलं आमच्या डॉक्टरमंडळींनीही वाचावं असं आहे. मी डॉक्टरांच्या बाजूचं थोडं जोडतो, कारण फक्त नर्सना शिकवून हे सुधारत नाही.

सिस्टर, तुमच्या डॉक्टरांना सांगा की राउंडची सुरुवात रात्रीच्या नोट्स मोठ्याने वाचून करा. मी तसं करतो. आणि फोनवर दिलेली ऑर्डर नर्सने लिहून घेऊन परत वाचून दाखवायची, डॉक्टरने आल्यावर तिच्यावर वेळ घालून सही करायची. ही सही टाळणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. उद्या काही झालं तर ती मुलगी एकटी पडते, हा तिच्यावर अन्याय आहे.

औषधांच्या बाबतीत तीन सवयी सगळ्यांनाच लावा. इन्सुलिन लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. नुसतं इंग्रजी यू अक्षर काढलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. एक मिलिग्रॅम असेल तर १ लिहा, १.० नको, बिंदू पुसट झाला की १० होतात. अर्धा असेल तर ०.५ लिहा, बिंदूआधीचं शून्य सोडू नका. औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं असं आम्हा डॉक्टरांच्या नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनंतर आहेच.

चूक दुरुस्त करताना एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख, वेळ. व्हाइटनरची बाटली वॉर्डातून उचलूनच टाका. वेळ २४ तासांच्या घड्याळाने लिहा, म्हणजे १२ दुपारचे की रात्रीचे हा वाद राहत नाही.

कायद्याचं थोडक्यात: डॉक्टरांच्या याच २००२ च्या नियमांप्रमाणे इनडोअर कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे असतात आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. केसपेपर गोपनीय आहेत असं सांगून ते खुद्द पेशंटलाच नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. मुलींना याची भीती घालू नका, पण आपण लिहितो ते पेशंट स्वतः वाचू शकतो, हे त्यांना माहीत असावं. 'नातेवाईक भांडखोर' असलं काही मग लिहिलं जात नाही. नातेवाईक काय म्हणाले, तेवढंच लिहिलं जातं.

विट्याची सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी कोऱ्या फाइलचं करून बघितलं. बीपी आमच्याकडे पाच ठिकाणी लिहिलं जातं. त्यातलं ओव्हरचं रजिस्टर बंद करायला डॉक्टर लगेच तयार झाले.

दोन शंका राहिल्या. आमच्या बऱ्याच मुली आसपासच्या खेड्यांतल्या, मराठी माध्यमातून आलेल्या. इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की अडतात, आणि मला वाटतं 'कम्फर्टेबल'चं मूळ तिथेच आहे. नोट्स मराठीत चालतील का? आणि दुसरं, एका मुलीने मला स्पष्ट विचारलं, "मॅडम, मी दोन वाजता डॉक्टरांना फोन केला आणि ते तीनला आले असं लिहिलं तर ते माझ्यावर चिडणार नाहीत का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

वॉर्डराउंड, नाशिक

मराठीत बिनधास्त लिहू द्या. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे एवढंच. औषधाचं नाव आणि डोस मात्र इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. पेशंटला दुसरीकडे पाठवताना इंग्रजी गोषवारा डॉक्टरने लिहायचा असतो, ते नर्सचं काम नाही. आमच्याकडे परराज्यातले एक भूलतज्ज्ञ येतात, त्यांना सिस्टर वाचून दाखवतात.

दुसऱ्या शंकेचं उत्तर तुमच्या डॉक्टरांनी स्वतः द्यायला हवं, सगळ्या मुलींसमोर, त्यांच्या तोंडून. फोन कधी केला आणि डॉक्टर कधी आले हे लिहिल्याबद्दल कोणाला काही बोललं जाणार नाही, असं त्यांनी म्हटलं पाहिजे. ते म्हणायला तयार नसतील तर शिकवण्यात वेळ घालवू नका, आधी त्यांच्याशी बोला.

सोलापूरची ट्यूटर

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. त्या मुलीला माझा निरोप द्या की तिने फार चांगला प्रश्न विचारला. तिला हेही सांगा की अंदाज आणि आरोप लिहायचा नाही, फक्त वेळ लिहायची. 'डॉक्टर उशिरा आले' असं नको. '२.०० ला फोन, ३.०० ला आले' एवढंच. उशीर झाला का आणि का झाला, हे ठरवणं तिचं काम नाही. कदाचित ते दुसऱ्या इमर्जन्सीत असतील. आणि मधल्या तासात तिने काय केलं ते मात्र जरूर लिहावं, म्हणजे नाडी परत घेतली, ऑक्सिजन लावला, परत फोन केला. मुली नेमकं तेच गाळतात, आणि त्यांची सगळी मेहनत तिथेच असते.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर एकदम सगळे कागद धरू नका. पहिला महिना फक्त इनटेक-आउटपुट आणि श्वास. पण त्याआधी वॉर्डातून एक फेरी मारून बघा. प्रत्येक खोलीतून दिसेल असं सेकंदकाट्याचं घड्याळ आहे का, आणि सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतात का? लघवी मोजायच्या भांड्यावरचे आकडे पुसले तर गेले नाहीत ना? ज्यांचं आउटपुट बघायचंय त्या प्रत्येकाचं भांडं वेगळं, त्यावर खाटेचा नंबर, आणि तक्ता नर्सिंग स्टेशनवर न ठेवता खाटेच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला, पेन दोरीने बांधून. मोजलं की तिथेच लिहिलं जातं. स्टेशनपर्यंत चालत जाईस्तोवर दुसऱ्या पेशंटची बेल वाजते आणि आकडा डोक्यातून जातो. नातेवाइकांनाही सांगून ठेवा की भांडं परस्पर ओतू नका, आधी सिस्टरला हाक मारा.

पहिल्या आठवड्यात रात्री एकदा तुम्ही स्वतः जा, तपासायला नको, तिसरी म्हणून कामाला. कुठली नोंद कोणत्या वेळी राहते ते तुम्हाला तिथेच दिसेल, आणि त्याप्रमाणे वेळा बदलता येतील. सगळ्यांचा टीपीआर बरोबर २ वाजताच का हवा? स्थिर पेशंटांचा एकला आणि जड पेशंटांचा दर दोन तासांनी असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं तर दोघींना झेपेल. महिन्यानंतर काय झालं ते इथे नक्की लिहा.